पारूची सागवानी गाडी

जोयडा,
सोमवार, ता. १० फेब्रुवारी १९६४

चि. पुंडलिक यास,

आशीर्वाद. तुझा खोकला आणि तुझ्या बायकोचे गुडघे कसे आहेत ते आधीच विचारून घेते, कारण पुढे मला त्याची आठवण राहणार नाही. मी बरी आहे. दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या घरी उतरले आहे.

शनिवारी सकाळी मी आणि पारू कुंभारवाड्याहून निघालो. दोघी आपापल्या तीनचाकी गाडीत, हातानं दांडा फिरवत. वाटेतल्या प्रत्येक घरातून मूठभर भात घ्यायचं आणि जोयड्याला पोचायचं. त्या भातावर सुतार झिलू आजाऱ्यांसाठी छपराची बैलगाडी करून देणार आहे. अणशीकडची माणसं अजून आजाऱ्याला कांबळ्यात घालून खांद्यावर आणतात, आणि कित्येकदा वाटेतूनच परत नेतात, रडत. याला तू दसऱ्याला चारचौघांत ‘भीक’ म्हणालास. ‘घराण्याचं नाक जाईल’ म्हणालास. नाक शाबूत आहे, पुंडलिक. पाय गेलेत, आणि ते माझे.

आमच्या दुखण्याचं लांबलचक इंग्रजी नाव बेळगावच्या डॉक्टरनं सांगितलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला ते पाठ झालं, एवढाच फायदा. मज्जातंतूंवरचं वेष्टण ठिकठिकाणी झिजतं, म्हणे. पारूला तेच आहे. तिच्या वाडीवर मात्र देवचाराची, म्हणजे रानातल्या राखणदाराची, वाट ओलांडली म्हणून पाय गेले असं ठरलं, आणि दोन कोंबडे कापून झाल्यावर नवऱ्यानं तिला माहेरी आणून टाकली.

लोकांनी भात दिलं. चढावर गाड्या ढकलल्या. एका म्हातारीनं सुपातलं सगळंच ओतलं आणि वर मलाच दटावलं, “मूठ कसली मागतीस गे, लाज न्हाई व्हय?” अशी लाज मला आवडते.

काल दुपारी जंगलखात्याच्या नाक्यावर दांडी आडवी पडली. गार्ड नागू, माझा जुना विद्यार्थी. सात पुस्तकं माझ्याकडे शिकला आणि मान खाली घालून म्हणाला, “बाई, तुमची गाडी लोखंडाची हाय. तुम्ही जावा. हिची सागवानी हाय, पास न्हाई. जप्त करायला पायजे.”

“अरे, पलंगाचं लाकूड आहे ते!”

“मला ठावं हाय बाई. पन वरनं चिठ्ठी आलीया.”

चिठ्ठी मी मागून घेतली. सही नव्हती. पण ‘सागवान’मधल्या ‘ग’ची ती लांब शेपटी मी तुला लहानपणी शंभरदा पुसायला लावली होती. लाकडाचा व्यापारी तू. कुठल्या नाक्यावर कोणता कायदा दुखतो ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? आणि ते लाकूड कुठलं हे तर तुझ्याइतकं कुणालाच नाही. आपल्या आईचा पलंग. पारूच्या गाडीसाठी मीच तो मोडायला दिला. मला थांबवायची हिंमत झाली नाही, म्हणून त्या मुलीचे पाय काढून घेतलेस.

पारू उतरली नाही. तिनं नागूला विचारलं, “जप्त माल कुठं ठेवतासा?”

“जोयड्याच्या डेपोत.”

“कोन पोचिवतो?”

“आमीच की.”

“मग चल, वढ. मी बसलीया. मला उचलायचा कागद हाय व्हय तुज्याकडं?”

नागूनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि गाडीला दोर बांधला. तीन मैल. पारू वरून ओरडत होती, “हळू रे नागूदा, सरकारी माल हाय, मोडंल!” बाजारातली माणसं हसून हसून बेजार. भाताची पोती इथल्या दवाखान्याच्या ओसरीवर लागली आहेत.

इथे सगळे म्हणतात, बाईंची गाडी सोडली होती तरी बाई पारूला टाकून पुढे गेल्या नाहीत. काल रात्री मी ते ऐकून घेतलं. तुला खरं लिहिते. मला जाताच येत नव्हतं. दिवाळीपासून उजव्या हातात जीव नाही, आणि आता डावाही भरवशाचा राहिलेला नाही. शनिवारी दुपारनंतर मी दांडा फिरवलाच नाही; पारूनं आपल्या गाडीमागे मला दोरानं बांधून घेतलं होतं. चढ आला की लोक ढकलत, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. नाक्यापासून नागूनं ओढली ती आम्हा दोघींची वरात. हे पत्रही कंपाउंडरची बायको लिहिते आहे. शब्द माझे आहेत, त्यात तिनं एकही मऊ केलेला नाही.

आता पारूची गाडी डेपोत कुलपात आहे आणि पारू पडवीतून न्हाणीपर्यंत हातांवर सरकत जाते. मी पाहते.

माझी गाडी तिला देऊ केली. घेत नाही. म्हणते, “माजी हाय ती मला पायजे.” बरोबर आहे तिचं.

गुरुवारी जंगलखात्याचे साहेब डेपोत येणार आहेत. लाकूड जुन्या पलंगाचं आहे अशी साक्ष घरच्या पुरुषानं दिली तर गाडी सुटेल, असं त्यांनी कळवलं आहे. घरच्या बाईची साक्ष चालत नाही. तीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईचीसुद्धा नाही. तो राग मी वेगळा ठेवला आहे.

रामनगरहून सकाळची मोटार धर. माझी माफी मागू नकोस, मला तिचं काही करता येणार नाही. साहेबापुढे उभा राहा, हा आमच्या आईचा पलंग म्हणून सांग, आणि गाडी बाहेर काढून पारूपर्यंत स्वतःच्या हातानं ढकलत आण. ती तुला दोन शब्द ऐकवील. ऐकून घे.

‘तुझी ताई’ एवढं मात्र मी दुसऱ्या कुणाच्या हातून लिहवून घेणार नाही. खाली जी वाकडीतिकडी रेघ दिसते आहे ती माझी सही समज.

गिरजा