पालीच्या बाया मोटर भरतात

१६ जून, सोमवार

काढून टाकला! वायरिंगचा तो प्लायवूडचा बोर्ड एकदाचा आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवरून काढून टाकला. इतकी वर्षं मी त्याच बोर्डावर पोरांना एकच दिवा लावायला आणि विझवायला शिकवत आले. पोरं पास व्हायची, प्रमाणपत्राला लॅमिनेशन करून घ्यायची आणि पुण्याला जाऊन कुठल्यातरी गेटवर शिट्टी घेऊन उभी राहायची. मला रस्त्यात भेटली की पाया पडायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आता वरून नवी पद्धत आली आहे. काय शिकायचं ते गावाने सांगायचं, वर्ग गावातच भरवायचा, अर्धं शिक्षण चालू दुकानात. दुकानात जो शिकवेल त्याची 'उस्ताद' म्हणून रीतसर नोंद करायची. पहिला वर्ग बीडजवळच्या पालीला, बायांचा. विषय त्यांनीच ग्रामसभेत मागितला – विहिरीवरची मोटर भरणे! जळालेली तार काढून नवी घालायची. आणि शिकवणार मी!

प्राचार्य साहेब म्हणाले, शिलाई मागितली असती तर बरं झालं असतं, मशिनी नुसत्या पडून आहेत. मला इतकं हसू आलं की फाइल तोंडासमोर धरावी लागली.

१९ जून, गुरुवार

वेळापत्रक दहा ते पाच. ऑफिसचंच उचलून पालीच्या समाजमंदिरात चिकटवलं. दहा वाजता वर्गात कोण? मी आणि एक कुत्रं. अकराला कुत्रंही गेलं.

बाराच्या सुमाराला सगळ्या आल्या, पदराने घाम पुसत. धारा, शेरडं, सैपाक, शाळेची पोरं – एवढं उरकून दहाला कोण येणार? मी आधी फणफणले, मग वेळापत्रक फाडलं. बारा ते चार. नवी पद्धत म्हणे! आधी घड्याळ तरी नवं करा.

साखराबाई नवले सगळ्यांत वडील. पन्नाशी उलटलेली, डोक्यावरचा पदर ढळत नाही, आवाज मात्र बांधावरून पलीकडच्या शेतात जाईल असा. मी विचारलं, या वयात मोटर कशाला? म्हणाल्या, "मोटर जळाली की बीडला न्यायची. चार दिस पाणी न्हाई. मंग घागरी कोण व्हातं? आमीच की."

सगळ्या पास झाल्या तर ग्रामपंचायत दुकानासाठी गावातच खोली देणार आहे. पण नियमाने कमीत कमी जितक्या पास व्हाव्या लागतात, तितक्याच या आहेत. एक जरी गळाली तरी खोली नाही, वर्ग फुकट. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा राजनंदिनी – तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, सगळ्यांत धाकटी – म्हणाली, "मग कुणी गळायचंच न्हाई, मॅडम." झालं! तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला.

साखराबाईंचा नवरा उत्तरेश्वर त्यांना वस्तीवरून मोटारसायकलवर आणतो आणि चारपर्यंत लिंबाखाली बसतो. चार वाजले की हाक – "प्रविणची माय, निघायचं का?" प्रविण त्यांचा मुलगा, पुण्याला असतो.

२५ जून, बुधवार

बीडच्या बाजारात कासम मिस्तरींकडे गेले. मोटरी भरण्यात जिल्ह्यात त्यांचा हात धरणारा नाही. उस्ताद व्हाल का म्हणून विचारलं. नुसते मान हलवत राहिले. दुकानात सगळीकडे ग्रीस, बायांना बसायला जागा नाही, लोक काय म्हणतील – कारणांची माळच.

दुकानामागेच घर. पडद्याआडून त्यांच्या बायकोचा, जुलेखाभाभींचा आवाज आला. "आमेर के अब्बा, जगह नहीं तो जगह करो."

मिस्तरींनी माझ्याकडे पाहिलं, वर छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "सोमवारपासून पाठवा."

७ जुलै, सोमवार

दुकानात जागा झाली आहे. चटई, पंखा, आणि भाभींनी स्वतः लावलेली पाटी – 'ताईंसाठी. गिऱ्हाइकांनी बाहेर उभे राहावे.' गिऱ्हाइकं बाहेर उभी राहून आत वाकून बघतात. एक जण म्हणाला, बायांनी भरलेली मोटर चालंल का? साखराबाईंनी मान वरसुद्धा केली नाही. म्हणाल्या, "मोटरीला इचारा. तिला म्हाईत हाय का कोण भरतंय?"

१२ ऑगस्ट, मंगळवार

अंगारकी! हे माझ्या लक्षातच नाही. वर्गात मी आणि पंखा. सगळ्या लिंबागणेशला दर्शनाला.

मीही गेले मग. रांगेत राजनंदिनी भेटली, तिने पुढे घुसवून घेतलं. गणपतीसमोर काय मागितलं ते इथे लिहीत नाही. तार चांगली बसू दे, एवढंच होतं!

२१ ऑगस्ट, गुरुवार

फिरली! पहिली मोटर फिरली!

पाण्यातली मोटर होती. तिची तार खाचांतून ओढून घ्यायला दोन माणसं लागतात – एक आत सारणारं, एक ओढणारं. साखराबाईंची नेहमीची जोडीदार राजनंदिनी आज आली नव्हती, तेव्हा त्यांनी खिडकीतून लिंबाखाली नुसतं बघितलं. उत्तरेश्वर उठून आला. दोघं समोरासमोर बसले. ती सारतेय, तो ओढतोय, बोलणं काहीच नाही. मध्येच तिने तोंडाने 'च्च' केलं की तो ढील द्यायचा. मी शिकवलेलं सगळं राहिलं बाजूला, आणि तार कशी सुरेख बसली.

बटण दाबलं, आणि ती घूं करून जी फिरली! बायांनी टाळ्या वाजवल्या. मी तर चक्क रडले. वायरिंगचा दिवा लागला म्हणून मी कधी रडले नव्हते.

१ सप्टेंबर, सोमवार

घरोघर महालक्ष्म्या. सुट्टी. पुरणपोळ्यांची पाच घरची निमंत्रणं, मी पाचही घेतली.

८ सप्टेंबर, सोमवार

सत्यानाश.

परीक्षेची पद्धतही नवी. परीक्षक लांब कुठेतरी बसणार, इथे आपण कॅमेऱ्यासमोर. आधी प्रत्येकीने स्वतःच्या तोंडाने पूर्ण नाव सांगायचं – स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव. ते नोंदीशी जुळलं की हिरवी खूण येते आणि मगच परीक्षा सुरू होते. दुसऱ्या कुणी सांगितलं तर ती कॉपी. पुढच्या तुकडीपासून प्रवेशालाही हेच, शिवाय उस्तादाचंही पूर्ण नाव सांगायचं.

आज रंगीत तालीम घेतली. बाकीच्या सटासट पार. साखराबाई म्हणाल्या, "साखराबाई नवले." खूण लाल. परत. लाल. मी म्हटलं, बाई, मधलं नाव राहिलं. त्यांनी पदर तोंडाशी नेला. आयुष्यात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलंच नाही!

मी चिडले. खूप चिडले. म्हटलं, मोटरीच्या पोटात हात घालता आणि तीन अक्षरं जड होतात? ती तीन नाहीत, जास्त आहेत, पण रागात कोण मोजतं. त्या खाली बघून म्हणाल्या, "मन करतंय वो. जीभ रेटत न्हाई."

बाहेर जाऊन उत्तरेश्वरला धरलं. म्हटलं, तुम्ही तरी सांगा तिला. तो लाजून लाल. "मी काय सांगू मॅडम? म्या बी तिचं कदी घेतलं न्हाई. कामच पडलं न्हाई."

साहेबांना फोन केला. सवलतीची तरतूद नाही म्हणाले. गुरुवारी परीक्षा. एक बाई गळाली की खोली गेली, सगळ्याजणींची. आणि माझी जीभ मात्र नको तिथे रेटते. उद्या आधी त्यांची माफी मागायची.

९ सप्टेंबर, मंगळवार

माफी मागितली. साखराबाई म्हणाल्या, रागावल्याशिवाय शिकवणं असतंय व्हय! मला बरं वाटलं, प्रश्न तिथेच.

संध्याकाळी मिस्तरींच्या दुकानात रडगाणं गायले. मिस्तरी हसायलाच लागले. म्हणाले, आमच्याकडे वेगळं काय आहे, माझं नाव या घरात फक्त लाइटबिलावर येतं. भाभी चहा घेऊन आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "तुमच्यात लग्नात घेतात ना नाव? गाणं जोडून? तसं घेऊ दे की."

मी कप खालीच ठेवला. उखाणा! साखराबाईंनी लग्नात, हळदीकुंकवात, डोहाळजेवणात शंभरदा नाव घेतलं असेल! नुसतं नाव रेटत नाही, उखाण्यात रेटतं. हे भाभींनी सांगावं आणि मला सुचू नये! चहा राहिला. तशीच पालीला.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.

परीक्षक एक तरुण मुलगी, पडद्यावर चष्मा आणि कपाळ एवढंच दिसत होतं. साखराबाईंचा नंबर आला. खिडकीत उत्तरेश्वर, गंमत बघायला आल्यासारखा. बाकीच्या भिंतीला चिकटून. तोंड उघडायची मला परवानगी नाही – मला!

पूर्ण नाव सांगा, असं पडद्यावरून आलं. साखराबाईंनी पदर नीट केला, घसा साफ केला आणि बांधापलीकडच्या आवाजात सुरू केलं –

"खाचेत बसवला कागद, कागदावर तार,
उत्तरेश्वररावांचं नाव घेते, उघडा परीक्षेचं दार!"

खूण लाल. यंत्राला कुठला उखाणा कळतोय! पण ती मुलगी इतकी हसली की चष्मा खाली आला. म्हणाली, मी माझ्या कानांनी ऐकलं, नाव बरोबर आहे, आडनाव तेवढं सांगा. "नवले," साखराबाई म्हणाल्या. तिने तिच्याकडून कळ दाबली. हिरवी!

मग साखराबाईंनी मोटर उघडली, जळकी तार काढली, नवी घातली, विचारलं ते सगळं सांगितलं. एकदाच अडल्या, तेही कपॅसिटर या शब्दाला. मागाहून बाकीच्यांनीही उखाणेच घेतले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. परीक्षा कसली, हळदीकुंकूच झालं.

खिडकीत बघितलं तर उत्तरेश्वर नव्हता. लिंबाखाली पाठ करून बसला होता. कान मात्र लाल.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. निकाल. सगळ्या पास! एकही गळाली नाही!

खोलीची किल्ली सरपंचांनी साखराबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती कमरेला खोचली, दोनदा चाचपली.

२९ सप्टेंबर, सोमवार

पावसाने कहर केला. विहिरी गाळाने भरल्या, मोटरी चिखलात. शेतं बघवत नाहीत. पण बीडला मोटर न्यायची गरज पडली नाही. खोलीला रंगही लावलेला नाही आणि दारात मोटरींची रांग. बाया पाळीपाळीने बसल्यात. ज्याने मागे 'चालंल का' विचारलं होतं, तोही रांगेत. साखराबाईंनी ओळखलं. काही बोलल्या नाहीत, पण त्याची मोटर नंबरानेच घेतली.

ओढायला माणूस लागतो म्हणून उत्तरेश्वर पूर्ण दिवस आत. लिंबाखाली आता कुणी बसत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. दुकानात हत्यारांची पूजा – पक्कड, पाने, हातोडी, सगळ्यांना झेंडूची फुलं. कासम मिस्तरी आणि जुलेखाभाभी बीडहून आले. मिस्तरींनी स्वतःची जुनी पक्कड साखराबाईंना दिली. साखराबाई पाया पडायला वाकल्या तर ते मागे सरकून मोटरीवर आदळले. आपट्याची पानं खिशात घालून गेले. भाभींना मी म्हटलं, हे दुकान तुमच्यामुळे झालं. त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी चहा संपवून जा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

वरून पत्र. पालीच्या दुकानाला शिकवण्याची मान्यता! पुढची तुकडी इथेच शिकणार, साखराबाईंच्या हाताखाली, बाया आणि पुरुष दोन्ही. साहेब म्हणाले, शिलाई मागितली नाही ते बरंच झालं. मी पुन्हा फाइल तोंडासमोर धरली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नव्या तुकडीचे प्रवेश. रांगेत शेवटी कोण? उत्तरेश्वर! म्हणाला, तार ओढून हात तर बसलाच हाय, आता आतलं बी शिकतो.

कॅमेऱ्यासमोर बसला, स्वतःचं नाव खणखणीत सांगितलं. मग पुढचा प्रश्न – उस्तादाचं पूर्ण नाव? तो थांबला. टोपी काढली, परत घातली. दारात साखराबाई, हात तारेच्या कचऱ्याने भरलेले. "घ्या की आता," त्या म्हणाल्या. "मी घेतलं तवा खिडकीत हुबं ऱ्हायलतात."

उखाणाबिखाणा काही नाही. त्याने कॅमेरा सोडून तिच्याकडे बघितलं.

"उस्ताद – साखराबाई उत्तरेश्वर नवले."

खूण हिरवी आली. तिकडे कुणाचं लक्षच नव्हतं.