उबेवर चालणाऱ्या चकत्या

४ जून
मिळाली एकदाची नोकरी! कारखान्यातले सेन्सर सांभाळायचे. पाइपांवर बिस्किटाएवढ्या चाळीस चकत्या. बॅटरी नाही, वायर नाही. गरम पाइपची ऊब खायची आणि तिच्याच जोरावर पाइपचं तापमान बिनतारी कळवायचं. साहेब दोन स्वेटर घालून बसतात. म्हणाले, खाल्लेल्या मिठाला जागणारी इथे एवढीच मंडळी. क्वार्टर झकास. बायको खूश, लेक तर नुसती उड्या मारतेय.

९ जून
बॉयलर दुरुस्तीसाठी बंद. पाइप गारठलेत, म्हणजे चकत्या मुक्या पडायला हव्यात. पण चाळीसच्या चाळीस बोलताहेत, मी जवळ गेलो की जरा जास्तच. साहेबांचं म्हणणं, ऊब ती ऊब, पाइपची काय न् माणसाची काय. एक तपासायला घरी आणली. हातात धरून बसलो तर बोटं बधिर.

११ जून
लेकीला एकशे तीन ताप. औषधानं उतरेना. जीव टांगणीला लागला होता. मग डोकं चाललं. चकती तिच्या कपाळाला चिकटवली. तासाभरात नव्व्याण्णव! बायको म्हणाली, तुमच्या शिक्षणाचा घरात पहिल्यांदाच उपयोग झाला.

१२ जून
शहाण्णव. आता पुरे. पण चकतीला बोट लावलं की काढायचं मनातूनच जातं. दोनदा गेलो, दोनदा चहा पिऊन परत आलो. साहेबांना फोन केला. म्हणाले, ऊब कमी पडली की चकती हात लावणाऱ्याची काळजी ओढते. त्यांच्या मुलाचं काय झालं तेही सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

१३ जून
त्र्याण्णव. बायको तावातावानं काढायला गेली. लेकीच्या कपाळावरच्या चकतीला हात लावला. मग तिथेच बसून भाजी निवडत राहिली.
बाप आहे मी. ऊर फुटायला हवा होता.

१४ जून, सकाळ
नव्वद. लेक म्हणाली, बाबा, थंडी वाजते, हे काढा. हो म्हटलं. पांघरूण घातलं.

दुपार
आता तीच हात वर नेतेय — कपाळापर्यंत पोचत नाहीये. मला खुर्चीतून दिसतंय. दोन पावलं. उठायचंय. एवढं लिहून झालं की —
हात खाली पडला.
उठतो. हे वाक्य संपलं की उठ