वेंगुर्ल्याच्या बंदरावरचे घर

मी, श्रीमती पुष्पाबाई धर्मराज तौर, वय ७३, राहणार वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणणारी माणसे केव्हाच देवाघरी गेली.

१. वडीगोद्रीचे राहते घर व शेत मुलगा राधेश्याम यास. पाटल्या नात आकांक्षा हिला. तिने त्या मोडून काही नवे घडवले तरी माझी हरकत नाही.

२. वेंगुर्ले बंदराजवळचे कौलारू घर मला वडिलांच्या मृत्युपत्राने मिळाले. धर्मराज तिथल्या शाळेत मास्तर होते, तिथेच आमचे जमले. लग्न होऊन मी इकडे आले आणि "आमचं घर बंदरावर आहे" म्हणाले, तर सासूबाई घाबरल्या. "बया! बंदरं घरात घुसत न्हाईत का?" इकडे बंदर म्हणजे माकड. गल्लीभर मी 'बंदरवाली' झाले. पुढे त्या नावाची मला गोडीच लागली.

वेंगुर्ल्यात डचांची वखार होती. मुंबईची बोट खोल पाण्यात थांबायची आणि वडील पडावातून उतारू किनाऱ्याला आणायचे. बोट बंद झाली. आता पर्यटक येतात, हॉटेले झाली आहेत. तरी पत्ता विचारला की माणसे अजून सोबत चालू लागतात.

माझा भाऊ तरुणपणीच वारला. त्याची बायको सोनूबाई हिने वडिलांचे अंथरुणातले सगळे केले. तरी वडिलांनी घर लिहिले माझ्या नावे. सून ती परकी, असा त्यांचा हिशेब. वडिलांवर माझा फार जीव होता, पण हा राग गेलेला नाही.

राधेश्याम म्हणतो, "आई, हॉटेलवाले मागं लागून राह्यलेत. मामीला जुन्या जालन्यात खोली पाहू. जल्दी ठरव." बाळा, तू वाईट नाहीस. पण जन्मभर समुद्राची गाज ऐकत झोपलेल्या बाईला तिथे झोप कशी लागेल?

३. सबब ते घर, परसातल्या माडांसह, मी सोनूबाई हिला पूर्ण मालकीने देत आहे. तिने राहावे, पर्यटकांना खोल्या द्याव्यात, नाहीतर विकावे, तिची मर्जी. घर कुणाचे असे कोणी विचारले की ती आजवर सांगते, "नणंदेचां. मी फकत दिवो लावतंय."

वहिनी, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा मी नसेन. सगळ्यांसमोर, मोठ्याने 'माझां घर' म्हण.

सही: पुष्पाबाई धर्मराज तौर

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार:
संपत खरात, शेजारी
अण्णासाहेब काळे, निवृत्त शिक्षक

ठिकाण: वडीगोद्री
दिनांक: १२ जानेवारी २०२५