पपई की निळा

१ डिसेंबर
बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर दोन पट्टे! एक पिकल्या पपईचा, एक निळा. नाताळाआधी सगळी वस्ती घरं रंगवते आणि बाहेरच्या खोलीचा रंग घरची बाईच ठरवते. यंदा एवारिस्तो मध्ये पडला. "निळाच लावू." नवरा रंगारी असला म्हणून काय झालं? निळा त्याने स्वतः कालवलाय. कुठल्या दुकानात मिळायचा नाही म्हणे!

४ डिसेंबर
नुरिसला बोलावलं. माझी कोमाद्रे — माझ्या यानेलीच्या बाप्तिस्म्याला हिनेच पोरीला हातात धरलं, तेव्हापासून सख्ख्या बहिणीहून जवळची. कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "निळा? दवाखाना काढायचाय का गं? पपईच लाव!" मी पोट धरून हसले. एवारिस्तो ब्रश धूत होता. मान वर न करता म्हणाला, "बरं बाई, जिंकलात दोघी." इतक्या पटकन ऐकलं! लग्नानंतर पहिल्यांदाच.

९ डिसेंबर
पपई लागला. खोली कशी उजळून निघालीय! निळ्याची भरली बादली कुठे गेली विचारलं. "ओतून टाकली."

२४ डिसेंबर
दिवसभर माणसं. रंग बघायला ये-जा, आल्याचा चहा उकळून उकळून हात दुखले. सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. नुरिस तेवढी नाही आली. "यंदा मी रंगच लावत नाहीये, तू नको येऊस, मीच येते" म्हणाली होती.

२६ डिसेंबर
म्हटलं आजारीबिजारी असेल. पाव घेऊन वर तिच्याकडे गेले. दार सताड उघडं. आणि भिंती निळ्या! चारही!! आतून एवारिस्तो आला — अनवाणी, हातात कॉफीचा कप. मला म्हणाला होता, बंदरावर काम आहे.
नुरिस म्हणते, "कोमाद्रे, बस ना."
बस ना!

२७ डिसेंबर
"अगं, उरलेला रंग होता," एवारिस्तो म्हणतो. उरलेला! नवऱ्याचं एक वेळ समजू शकते, मेला पहिल्यापासून तसलाच. पण ती? माझ्याच खोलीत उभी राहून मला पपई लाव म्हणाली. कारण निळा तिला हवा होता. आणि मी हसले! जीव जळतोय नुसता.

२९ डिसेंबर
आज शेजारच्या म्हाताऱ्या दोन्या टोमासिनापुढे रडले. तिला काही नवल वाटलं नाही. "पोरी, सणासुदीला कोण सांगणार तुला?"
रंग बघायला माणसं टेकडीवरून खाली येतात. तिचं घर वर, माझं खाली. सगळे आधी तिच्याकडे जाऊन आले होते. मग इथे बसून माझा चहा प्यायले.