आधी कुणी पडू तर द्या

३ फेब्रुवारी

आज फुलं तोडायची नाहीत – शिकवणी! पॅकिंगच्या शेडमध्ये आम्हा सगळ्या बायकांना खाली बसवलं. प्रथमोपचार शिकवायला दवाखान्यातल्या सिस्टर आल्या होत्या. सोबत रबराची बाहुली, कमरेखाली काहीच नाही. धाकटी जाऊ माझ्या कानाशी – "ताई, हिला मुकादम लगेच कामावर घेईल. पाय नाहीत, म्हणजे पाणी प्यायला उठायची नाही!" मला हसू फुटलं आणि सिस्टरांनी नेमकं मलाच पुढे बोलावलं. छाती कशी दाबायची ते सगळ्यांसमोर करून दाखवावं लागलं. पार घामाघूम झाले.

४ फेब्रुवारी

आज फवारणीच्या औषधाबद्दल. सिस्टर म्हणाल्या, "ते औषध नाही, विष आहे. आजपासून विषच म्हणा." कोण म्हणणार? जीभच वळत नाही. विष मारून आले म्हटलं तर घरचे पळून जातील.

अंगावर उडालं, श्वासात गेलं, तर बाईला मोकळ्या हवेत आणायचं, कपडे काढायचे, साबणानं धुवायचं, कुशीवर झोपवायचं. मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही – आम्ही आजवर तेवढंच करत आलो! मागून कुणीतरी विचारलं, "कपडे काढायचे, ते गड्यांसमोर?"

"जीव मोठा की लाज?"

उत्तर सगळ्यांकडे होतं, पण ते सिस्टरांना आवडलं नसतं.

५ फेब्रुवारी

दंडाला बांधायचा हिरवा पट्टा आणि औषधांची पेटी माझ्या गळ्यात पडली. फवारणी झाल्यावर बायका पॉलिहाऊसमध्ये जातील तेव्हा पट्टेवालीनं दाराबाहेर थांबायचं, आत पाऊल टाकायचं नाही. तीच आडवी झाली तर बाकीच्यांना कोण बघणार, असं सिस्टरांचं म्हणणं. पटलं.

घरी सासूबाईंनी लगेच गुडघा पुढे केला. हे म्हणाले, "डॉक्टरीणबाई, जेवायला वाढता का?"

१० फेब्रुवारी

आजवर औषध मारलं की पॉलिहाऊस बंद, दुसऱ्या दिवशी सकाळी आत. आज सकाळी मारलं आणि जेवणानंतर लगेच मुकादम म्हणतो, चला! गुलाब उमलायला लागलेत, उमलले की कुणी विचारत नाही. मी म्हटलं, आत अजून वास कोंडलाय. तर म्हणतो, "आधी भीती होती, मान्य. आता आपल्याकडे डॉक्टरीण आहे की! भ्यायचं कशाला?"

माझ्यामुळे गेल्या त्या आत. मी शिकलेच नसते तर उद्या सकाळी गेल्या असत्या.

११ फेब्रुवारी

मुकादमाशी भांडले. सगळ्यांसमोर. शांतपणे म्हणतो, "तुमचं शिक्षण माणूस पडल्यावरचं आहे ना? मग आधी कुणी पडू तर द्या!" गडी हसले. घरी भाकऱ्या थापताना एकेक उत्तर सुचत राहिलं. आता काय उपयोग!

१४ फेब्रुवारी

पडली. आमची धाकटीच.

दाराशी आली, चौकट धरली, तोंडातून लाळ, घामानं चिंब. मी ओढून नळाशी आणली. कपड्यांना हात घातला तर तेवढ्यातही म्हणते, "ताई, ब्लाऊज फाडू नकोस, नवा आहे!" बाकीच्या बायका न सांगता आमच्याकडे पाठ करून गोल उभ्या राहिल्या. मग फाडला. धुतली. डॉक्टरांना दाखवायला फवारणीच्या औषधाची बाटली घेतली. टेम्पोतून आधी फुलांची खोकी उतरवली, मग तिला चढवलं – हा क्रम मी विसरणार नाही.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर मुकादमानं मला काय म्हणावं? "बघा, झाला की नाही शिक्षणाचा उपयोग!"

१५ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

१९ फेब्रुवारी

घरी आणलं तिला. डॉक्टरांनी बजावलंय – पुन्हा औषधात पाठवू नका. शरीरातलं इतक्यात भरून येत नाही, पुढच्या वेळी थोडंसंही पुरेल. भाऊजी मुकादमाकडे जाऊन आले. म्हणे पॅकिंगमध्ये जागा नाही. आत यायचं तर या, नाहीतर घरी बसा.

ती म्हणते, सोमवारी जाणार. "घरी बसून काय करू, सासूबाईंचा गुडघा दाबू?" मी ओरडले, रडले, यांना मध्ये घातलं. काही फरक नाही. हट्टी! मला राग येतो, तरी तिच्यासाठी पेज केलीच.

२१ फेब्रुवारी

सिस्टरांकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगा मुकादमाला, तुमचं ऐकेल. त्या औषधाच्या कपाटाला कुलूप लावत होत्या. बराच वेळ लावत राहिल्या. "मला शिकवायला पाठवतात गं, थांबवायला नाही."

त्यांचाही राग धरवेना. चालत आले.

२४ फेब्रुवारी

धाकटी आज गेलीच कामावर. नशीब, आज फवारणी नव्हती. उद्या आहे.

संध्याकाळी पट्टा सोडला, पेटी मुकादमापुढे ठेवली. म्हटलं, जमत नाही, दुसऱ्याचं दुखणं बघून मलाच भोवळ येते. बायका तोंडावर बोलल्या – आम्हाला वाऱ्यावर सोडलंस, त्या दिवशी तुमच्याकडे पाठ करून गोल उभ्या होतो आम्ही! बरोबर आहे त्यांचं. घरी आल्यावर धाकटी एवढंच म्हणाली – "घाबरट निघालीस, ताई."

२५ फेब्रुवारी

पट्टा धाकटीच्या दंडावर. काल मीच मुकादमाला तिचं नाव सुचवलं, त्याला काय, कोणीही चालते. पेटीतलं काय कशासाठी, तिला धड ठाऊक नाही. पण दिवसभर दाराबाहेर होती! तिच्या रांगेतले गुलाब मी तोडले.