बाबांच्या पेनाचा भाव

१२ जानेवारी २०२५, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. शिस्त हवी. जुन्या पेनांचे संग्राहक श्री. कुलदीप, सीनियर असिस्टंट, मुक्काम मावला, हे नाव व्हायला आता फार वेळ नाही.
पेनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काळ्या एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, एक जुना पेन, अगदी बाबांच्या पेनासारखा, चौदा हजारांना गेला. दिवाळीत हाच पाच हजार होता! माझा अंदाज: एप्रिलपर्यंत वीस. तेव्हा बाबांचा विकायचा आणि एक जर्मन पेन घ्यायचा. बाबांना जाऊन वर्ष झालं, पेन ट्रंकेत पडून आहे. यात भावनेचा प्रश्न नाही, ही इन्व्हेस्टमेंट आहे.
मीनलनं विचारलं, आईंना विचारलं का? बायकोला मार्केट कळत नाही.

२६ जानेवारी
भाव साडेपंधरा. झेंडावंदनानंतर मस्टरवर मुद्दाम बाबांच्या पेनानं सही केली. मध्येच हात थांबला. शाई घट्ट असावी.

९ फेब्रुवारी
भाव सतरा. पेन तपासला. दोष दोन. एक, काळा रंग विटून तपकिरी झालाय. दोन, दांडीवर कोरलेलं नाव, 'बाबाराव'.
बाजारहत्नूरच्या शाळेत मास्तर म्हणून लागले तेव्हा बाबांनी पहिल्या पगारात हा पेन घेतला आणि आदिलाबादच्या बसस्टँडवर बसणाऱ्या कारागिराकडून नाव कोरून घेतलं. आजोबा दुसऱ्याच्या शेतावर सालदार, जन्मभर अंगठा. आमच्या घराण्यातली पहिली सही या पेनाची. सगळं खरं. पण नाव घातलेलं भांडं मोडीतच जातं, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पेनाचंही तेच. नाव काढायला हवं.

२ मार्च, दुपारी ४
आई मुधोळला मावशीकडे गेलीय. बरी वेळ. व्हिडिओत दाखवलं तसं नाव आधी वॉटर पेपरनं घासलं, मग टूथपेस्टनं. तीन तास लागले. दोन्ही 'बा' लवकर गेले, शेवटचा 'व' हट्टी निघाला. एबोनाइटची भुकटी वाईट, डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं.
पेन नवा कोरा दिसतो. मीनलनं तो हातात घेतला, ठेवला आणि आत गेली. कौतुकाला शब्द सुचले नसावेत.

१६ मार्च
भाव अठरा. फोटो टाकले, किंमत एकोणीस हजार लावली. तासाभरात नांदेडच्या अमृतरावांचा फोन. ग्रुपवरचे सगळ्यात जुने व्यापारी. म्हणाले, साहेब, नाव काऊन काढलं? मूळ रंग, मूळ नाव, त्यालाच तर गिऱ्हाईक पैसे मोजतं. कोणाचा पेन, कोणत्या शाळेतला, एवढं सांगून मी वीस हजाराला विकून दिला असता. आता तीनशे. तेही निबसाठी.
अमृतराव भाव पाडून राह्यला. जुनी चाल आहे. मी थांबणार.

६ एप्रिल
नाव असलेले पेन: बावीस हजार. घासलेले: कोणी विचारत नाही. मार्केट लवकरच सुधारेल.
आई परत आली. म्हणाली, जयंती जवळ आली, त्याईचा पेन काढून ठेवजो. दरवर्षी चौदा एप्रिलला तो पेन शाई भरून बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवायचा, ही घरची रीत. बाबा असताना ते ठेवायचे, गेल्या वर्षी आईनं ठेवला. काळजीचं कारण नाही. आई शिकलेली नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला काय कळणार?

१४ एप्रिल, रात्री
सकाळी आईच्या हातात पेन दिला. तिनं दांडीवरून अंगठा फिरवला. पेन उलटा करून पुन्हा फिरवला. मग म्हणाली, पोराईसाठी नवा आनला का रे? चांगलं केलं. जयंतीला गल्लीतल्या पोरांना वही-पेन वाटतो, त्या ढिगात तिनं तो ठेवून दिला. आणि हात पुढे करून म्हणाली, आता त्याईचा दे.
मी म्हणालो, लॉकरमध्ये ठेवलाय, आज बँक बंद. कसं सुचलं कोण जाणे.
आईनं फोटोपुढची जागा तेवढी मोकळी ठेवली.
पेन शेजारच्या प्रगतीला गेला. आईनंच दिला, टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

१५ एप्रिल
भाव पाहिला नाही.
ऑफिसला जाण्याआधी प्रगतीकडे गेलो. बदली दुसरा पेन खिशात घेतला होता. तिनं वही उघडून दाखवली. पहिलं पान भरून स्वतःचं नाव लिहिलं होतं. म्हणाली, काका, मस्त चालून राह्यला. मला मागता आला नाही. जपून वापर म्हणालो आणि निघालो.
संध्याकाळी आई दारातच बसली होती. विचारलं, आज तं बँक उघडली असंन? मी म्हणालो, काम होतं, उद्या जातो.
म्हणाली, घाई नाई बापा. पन बँकवाल्याईले सांगजो, नाव घासू देऊ नका म्हनून. मले तेवढंच वाचता येते.
सांगतो म्हणालो.