निंबर्गा ऐकू येत नाही

कमलनगर, ६ फेब्रुवारी १९३८

आज तिसरा बांबू जोडला. एरियलची तार आता स्टेशनातल्या सिग्नलापेक्षा उंच गेली. दुकान दुपारपर्यंत बंदच. गिऱ्हाईक यायचं, मान वर करून बघायचं अन् तसंच परत जायचं. संध्याकाळी बिनतारीचा सेट लावला. कोलंबो खणखणीत. रंगूनचा एक नवा माणूस, तोही ठीक. निंबर्गा काही नाही. नुसती खरखर.

कस्तूर म्हणाली, "समुद्रापल्याडचं ऐकू यायलंय अन् नणंदेचं गाव ऐकू येईना? असलं कसलं मशीन हे?" मी बायकोला भाजीत मीठ कमी आहे म्हणालो. नव्हतं कमी.

८ फेब्रु.

माझ्या बहिणीचं, गंगूचं, लग्न होऊन चार वर्षं झाली. एकदाही माहेरी आली नाही. दाजी वाईट नाहीत, पण त्यांच्या आईचे डोळे गेलेत. सून नजरेआड, म्हणजे हाताआड झाली की म्हातारी कावरीबावरी होते. मी जावं म्हटलं तर रेल्वेनं वाडीवरून गुलबर्ग्याला वळसा, पुढं आळंदची मोटार, पुढं बैलगाडी. दुकान कोण बघणार?

म्हणून दाजींच्या मागं लागून लागून त्यांनाही बिनतारी संदेश पाठवायचा परवाना काढायला लावला. पिठाच्या गिरणीचं इंजिन आहे, बॅटऱ्या घरच्या घरी भरतात. माझी बॅटरी मेली की गार्डाच्या हातापाया पडून उदगीरला पाठवावी लागते. सगळी सोय झाली. दोन्हीकडं यंत्रं, दोन्हीकडं परवाने. फक्त ऐकू येत नाही.

गंगू आपली कशी आहे, एवढं एक मला कळायला पाहिजे. बाकी जग ऐकू आलं काय, न आलं काय.

११ फेब्रु.

कोलंबोवाल्यानं आज मोर्समध्ये कळवलं, तुमचा निंबर्ग्याचा शेजारी फार छान येतो, तुम्हाला नमस्कार सांगितलाय. म्हणजे सत्तर मैलांवरचा नमस्कार लंकेला जाऊन आला! वर म्हणतो, मोर्सच्या खटक्यावर त्या माणसाचा हात सुरेख आहे, ऐकत राहावं असा.

दाजींचा हात? दाजींना भजनात झांज धरता येत नाही.

१९ फेब्रु.

चौथा बांबू. अवघड झालंय, वारा आला की सगळं डुलतं. शेजारचे बसप्पाकाका बघून गेले. "शिवाण्णा, आता देवाशीच बोलायलास का काय?" म्हणाले. चहा पाजला. काय करणार.

निंबर्गा नाही. कोलंबो आणखी मोठा येतो. उलटंच चाललंय.

२ मार्च

दुपारी वावटळ आली. चारही बांबू भुईसपाट. तार परसातल्या कडब्याच्या गंजीवर अन् धुणं वाळत घालायच्या दोरीवर लोंबकळत पडलेली. कस्तूरनं तिच्यावर लुगडं टाकलेलं. ती म्हणाली, "पडलीच हाय तर कामाला तरी येऊ द्या."

संतापात सेट तपासायला बसलो, व्हॉल्व तरी शाबूत आहे का बघावं म्हणून. कोलंबो अगदी मुंगीसारखा. अन् मधेच दाणकन निंबर्गा. कानावरचा हेडफोन काढून परत घातला. दाजींच्या परवान्याचंच चिन्ह, मलाच हाक. मी खटक्यावर बसलो, उत्तर दिलं. आपलं मराठीच, इंग्रजी अक्षरांत.

दोन ओळी ऐकल्या अन् हात थांबला. दाजी नव्हते. शेवटची लांब मात्रा, मोर्समधली रेघ, जराशी ओढायची, जसं काही पुढचं अक्षर द्यायला जिवावर आलंय. आमच्या जुन्या नायडू स्टेशनमास्तरांनी आम्हा दोघांना शिकवलं, तेव्हा याच खोडीसाठी ते तिला रागवायचे. गंगू बोलत होती.

विचारलं, कोण? उत्तर आलं, "अण्णा, चार वर्सं झाली, ओळखलास की."

रडलो. लिहायला लाज कसली, ही वही माझीच आहे.

५ मार्च

पुण्याचे डॉक्टर आज हवेवर भेटले. या छंदातले जुने, वीस वर्षं खटका धरलेले. बांबूंची हकीकत सांगितली तर हसले असावेत, मोर्समध्ये हसायची जी खूण आहे ती तीनदा दिली. म्हणाले, उंच तार लहरी लांब फेकते, जवळचं गाव तिच्या उडीखाली राहतं. तार खाली घ्या, लहरी सरळ वर जाऊन आजूबाजूला पडतील. सगळे नवखे हीच चूक करतात, जवळचं येईना की बांबू वाढवतात.

कस्तूरला सांगितलं. "म्हंजे माझी दोरीच बरी होती," म्हणाली. लुगडं मात्र आता दुसरीकडं वाळत घालते.

९ मार्च

रोज दिवेलागणीला बोलणं. गंगूच्या दारात शेवगा लावलाय. कानडी आता आपल्यापेक्षा चांगली बोलते. दाजींना अर्ध्या घटकेत जांभया येतात, म्हणून पहिल्या दिवसापासून हीच बसते. कोलंबोचा सुरेख हात तो हिचाच. अभिमानानं छाती भरली अन् लगेच परवाना आठवला.

परवाना दाजींच्या नावाचा आहे. ज्याचं नाव त्यानंच खटका धरायचा, दुसऱ्यानं नाही. ऐकायला कुणालाही मुभा. पाठवायला नाही. कुणी कान लावून बसलं असेल तर दोन्ही घरची यंत्रं सील होतील.

१२ मार्च

आज तिला सांगितलं. ऊठ खटक्यावरून, दाजींना बसव. नियम सांगितला. थोडं कडकच सांगितलं.

मग एक शब्द. "बरं."

२१ मार्च

नि. शांत. रोज लावतो. दाजीही नाहीत. तार खाली आहे, हवा स्वच्छ आहे, व्हॉल्व चांगला आहे. कारण मला ठाऊक आहे.

कस्तूर आज बोलली. "कामून बोलला तसं? चार वर्सांनी बोलाय मिळालं लेकराला, अन् तुमी कायदा काढून बसला."

"कायदा मी केला का?"

"मंग कायद्यातनंच वाट काढा की. बांबू उभे करायला लई डोकं चाललं."

खरं बोलली. पण वाट कुठली?

२८ मार्च

डॉक्टरांना विचारलं, नाव न घेता. बाईला परवाना मिळतो का? म्हणाले, नियमात पुरुष असं कुठं लिहिलंय? परीक्षा पास झालं की झालं.

एवढं साधं. मला का सुचलं नाही? कारण विचार दाजींपर्यंतच गेला होता, पुढं गेलाच नाही.

दाजींना पत्र टाकलं. अर्धं तिच्यासाठी.

१७ एप्रिल

नि. आलं! दाजी स्वतः. एकेक अक्षर असं, जशी चिखलातून गाडी निघावी. मधे पाणी पिऊन आले असावेत. मजकूर असा: अर्ज धाडला. हैदराबादेला परीक्षा. ती तुझ्यावर रुसलीय. पण ऐकायलीय.

मी हळू दिलं, "गंगू, चुकलं माझं." दाजींकडून पोच आली. मग दाजींनीच कळवलं, ती म्हणतीया अजून हळू दे, कळलं न्हाई. बदमाश. पुन्हा दिलं. परत कळलं नाही म्हणाली. तिसऱ्यांदा दिल्यावर पोच.

४ मे

शिकवणी सुरू. नियमात बसेल अशी. मी पाठवतो, ती नुसती ऐकून पाटीवर उतरवते, चुका दाजी कळवतात. ऐकायला बंदी नाही ना? रोज वेग वाढवतो. वर्तमानपत्रातलं काहीही देतो, कापसाचा भाव, औषधाची जाहिरात. चुका जवळजवळ नाहीत. पाठवायचा सराव ती यंत्राला न जोडलेल्या खटक्यावर करते म्हणे.

डॉक्टर अन् कोलंबोवाला, दोघांनाही आता तो सुरेख हात कुणाचा ते ठाऊक आहे. मी नाही सांगितलं. कोलंबोवाला म्हणतो, दाजींना ऐकल्यावर कुणालाही कळेल. रोज विचारतो, ती बाई परत कधी येणार?

२५ मे

परीक्षेचं बोलावणं आलं. घोळ म्हातारीचा. दाजी कळवतात, आई म्हणते, मी एकटी राहणार न्हाई अन् सुनेला एकटी सोडणार न्हाई. म्हणजे जायचंच नाही असा अर्थ काढून मी रात्री नीट जेवलो नाही.

२७ मे

म्हातारी परीक्षेला सोबत निघालीय! गाडी विकाराबादेवरून जाणार. कस्तूरला म्हणालो, जाऊन येऊ का? तिनं आधीच शेंगाची चटणी कुटायला घेतली होती.

३ जून, विकाराबादेहून परतताना, गाडीत

गाडी हलतेय, अक्षर कसंही येईल.

त्यांची गाडी जरा थांबणार होती. गंगू वाळलीय, पण डोळे तेच. पाया पडली. सासू फलाटावरच्या बाकावर मधे बसलेली, तिचा हात गंगूच्या मनगटावर. दाजी पाणी आणायला गेले. आता काय बोलावं? सासूपुढं ती मोकळं बोलणार नाही, अन् मला तर मुळातच जमत नाही.

मी चटणीच्या डब्याच्या झाकणावर बोटानं वाजवलं. भ्यायलीस का?

तिनं बाकाच्या कडेवर. लई.

भिऊ नको, असं वाजवत होतो, तेवढ्यात म्हातारीनं मान माझ्याकडं वळवली. झाकण धरून ठेवलं मी.

"तूच व्हय रे तो?" म्हणाली.

"कोण, अव्वा?"

"रोज दिवेलागणीला यायचास तो. ही मला पातेल्यात ते कानाचं ठिवून ऐकवती. बाकीचे लई यायचे, पर तुजी ठकठक येगळी. तू आलास की हिचा हात माज्या हातात गरम व्हायचा." मग म्हणाली, "मधी तू हिला काय बोललास कुणास ठाऊक. लई दिस थंड होता."

गंगू खाली बघत होती.

"मला अक्षर समजत न्हाई," म्हातारी म्हणाली. "पर तुला सांगते, त्या सायबानं हिला नापास केलं तर त्यालाच ऐकू येत न्हाई म्हणायचं. पुन्यांदा घिऊन जाईन मी."

गाडीनं शिट्टी दिली. म्हातारीला हाताला धरून मीच डब्यात चढवलं. चढता चढता तिनं माझं मनगट चाचपलं, बोटं चाचपली. "हीच व्हय," म्हणाली अन् आत गेली.

उद्या सकाळी परीक्षा. निकाल कधी लागेल ते साहेबाला माहीत. पास झाली तर तिला तिचं स्वतःचं चिन्ह मिळेल, दाजींचं नाही. ते काय असेल, मी गाडीत बसून उगाच अक्षरं जुळवून बघतोय. कुठलंही चांगलं वाटतंय.